कॅटमरानचं जाळं: घरी बांधलेल्या होडीवर ट्रॅम्पोलिन कसं बसवतात

(भागाची लिखित प्रत. बोलताना येणारे ‘अं’ आणि मध्येच भुंकणारं कुत्रं तेवढं काढलंय. बाकी जवळपास बोललो तसंच.)

मागच्या भागात प्लायवूड आणि इपॉक्सी वापरून घरच्या घरी शिडाची होडी कशी बांधतात यावर बोललो होतो. त्यानंतर तुमचे सगळ्यात जास्त मेसेज आले ते एकाच गोष्टीवर. कॅटमरानच्या पुढच्या बाजूला जाळं ताणलेलं असतं ना, ज्यावर लोक उताणे पडून रील काढतात, ते काय असतं? आपण स्वतः बसवू शकतो का? कोळ्यांकडचं जाळं चालेल का?

उत्तरं अनुक्रमे: त्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात, हो, आणि चालेल, पण अटी आहेत. आता सविस्तर.

०१:१० – आधी थोडं गंभीर

रीलमध्ये ते जाळं म्हणजे समुद्रावरची बाज वाटते. प्रत्यक्षात तो होडीचा डेक आहे. पुढचं शीड उतरवायला, नांगर टाकायला, अडकलेली दोरी सोडवायला माणूस त्याच्यावरूनच जातो, आणि बहुतेक वेळा वारा वाढलेला असतानाच जातो. म्हणजे जाळ्याची परीक्षा शांत समुद्रात होतच नाही. खलाशी धडपडतोय, लाटेनं नाळ खाली जातेय, आणि पंचाहत्तर किलोचा माणूस एका गुडघ्यावर धाडकन आदळतोय, तेव्हा होते.

समजा त्या क्षणी कडेची बांधणी सुटली. होडी ६ नॉटनं, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटरनं चाललीय. सेकंदाला तीन मीटर. खाली पडलेला माणूस दोन हलच्या मधोमध आहे आणि साडेसहा मीटरची होडी दोनेक सेकंदांत त्याच्या डोक्यावरून पुढे जाते. मागे सुकाणू आहेत, कधी इंजिनाचा पंखा आहे. एका मिनिटात होडी १८५ मीटर पुढे गेलेली असते, आणि लाटांमध्ये १८५ मीटरवरचं एक डोकं दिसत नाही. म्हणून आजचा भाग जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

०३:०० – नाव आपल्याकडचं, होडी दुसरीकडची

कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. खरं कट्टुमरम म्हणजे ओंडके शेजारी शेजारी बांधून केलेला तराफा. दोन हलची होडी वेगळी. तिचं मूळ पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांच्या जोडहोड्यांमध्ये आहे. इंग्रजीनं नाव एकाचं उचललं आणि दुसऱ्याला चिकटवलं. पण ‘बांधलेलं’ हा अर्थ मात्र दोघांनाही लागू पडतो.

आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या होडीला एका बाजूला जे तरंगतं लाकूड आडव्या वाशांनी बांधतात, ती उलांडी. ती याच घराण्यातली. एक होडी आणि तिला आधार देणारं एक लाकूड. त्या लाकडाच्या जागी दुसरी पूर्ण होडी ठेवलीत की झाली कॅटमरान.

घरी बांधायच्या कॅटमरानचं नाव काढलं की जेम्स व्हॅरम यांचं नाव येतंच. या इंग्रज गृहस्थानं १९५४ मध्ये ‘टांगारोआ’ नावाची साडेतेवीस फुटांची जोडहोडी स्वतः बांधली आणि दोन जर्मन मैत्रिणींसोबत अटलांटिक पार केला. पुढे १९५९ मध्ये ‘रोंगो’ या ४० फुटी होडीतून उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला. पुढे त्यांनी आणि हॅनेके बून यांनी सामान्य माणसाला बांधता येतील असे आराखडे काढले. त्यातल्या ‘टिकी २१’ या एकवीस फुटी होडीतून रोरी मॅकडुगल यांनी नव्वदच्या दशकात पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकवीस फूट म्हणजे किती? दोन रिक्षा एकामागे एक लावल्या की त्याहून थोडं जास्त.

व्हॅरम यांच्या होड्यांची एक खासियत आजच्या विषयाला लागू आहे. दोन हलना जोडणारे आडवे बीम बोल्टनं आवळत नाहीत, दोरीनं बांधतात. त्यामुळे लाटेत दोन्ही हल किंचित स्वतंत्र हलतात. लवचीक होडी. आता या हलणाऱ्या दोन गोष्टींच्या मध्ये आपल्याला जाळं ताणायचंय. हे डोक्यात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

०५:४० – फळ्याच का नाही ठोकत?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. जाळं पायाला टोचतं, सामान ठेवता येत नाही, मग सरळ प्लायचा डेक का नको?

हिशेब करू. पुढची मोकळी जागा २ मीटर रुंद आणि दीड मीटर लांब धरा. म्हणजे ३ चौरस मीटर. नाळ लाटेत घुसली आणि या जागेवर ३० सेंटिमीटर पाणी चढलं, तर ते झालं ०.९ घनमीटर. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण १,०२५ किलो. म्हणजे ९०० किलोच्या वर वजन. एका छोट्या हॅचबॅकपेक्षा जास्त. आणि ते कुठे? होडीच्या सगळ्यात पुढच्या टोकावर, जिथे ती आधीच बुडतेय. पुढची लाट आली की नाळ आणखी खाली, आणि मागची बाजू वर. कॅटमरान अशीच पुढच्या पुढे कोलांटी खाते. जाळं असेल तर तेच पाणी बघता बघता खाली निघून जातं.

दुसरं म्हणजे खालून येणारी लाट. भरीव डेकवर ती ढोल बडवल्यासारखी आदळते. आणि तिसरं म्हणजे वारा. एक हल पाण्यातून वर उचलला गेला की भरीव डेक पतंगासारखा वारा धरतो आणि होडी उलटायला मदतच करतो. जाळं वारा फारसा अडवत नाही. वजनही कमी, आणि नाळेकडे वजन जितकं कमी तितकं बरं.

थोडक्यात काय, जाळ्यातली भोकं हाच जाळ्याचा मुख्य भाग आहे. काही लोक भोकं लहान लहान करत शेवटी जवळजवळ कापडच लावतात. बंद खाडीत, छोट्या बीच कॅटवर ते चालतं. हॉबी १६ सारख्या होड्यांवर असंच दाट कापड असतं, कारण तिथे माणसं कायम त्याच्यावरच बसून होडी चालवतात. उघड्या समुद्रावर जाणाऱ्या होडीच्या पुढच्या बाजूला मात्र असं कापड नको.

०८:१५ – कोळ्यांचं जाळं चालेल का?

आता खरा मुद्दा. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांची दुकानं आहेत, ट्रॉलरचं जाडजूड जाळं वजनावर मिळतं. मग परदेशातून कशाला मागवायचं?

जाळ्याच्या भोकाला आपले मच्छीमार ‘आस’ म्हणतात. छान शब्द आहे, तोच वापरू. ट्रॅम्पोलिनसाठी आस साधारण २० ते २५ मिलिमीटरचा बरा. ५० मिलिमीटरच्या आसातून पाणी झटकन जातं, पण लहान मुलाचं पाऊल अडकतं आणि मोठ्यांच्या गुडघ्यांची सालं निघतात. १० मिलिमीटरच्या खाली गेलात की निचरा मंदावतो.

मासेमारीच्या जाळ्यात तीन अडचणी आहेत. पहिली, गाठी. प्रत्येक आसाच्या चारही कोपऱ्यांवर गाठ. अनवाणी पायाला आणि गुडघ्याला ती टोचते, आणि दोरा गाठीपाशी सगळ्यात कमजोर असतो. म्हणून ट्रॅम्पोलिनला बिनगाठीचं, म्हणजे मशीनवर दोरेच एकमेकांत गुंफून केलेलं जाळं पसंत करतात.

दुसरी अडचण आकाराची. मासेमारीचं जाळं दोरावर चढवतात तेव्हा आस शंकरपाळ्यासारखा उभा राहतो. असं जाळं एका दिशेनं ओढलं की लांब होतं आणि दुसऱ्या दिशेनं आक्रसतं. पाण्यात मासा पकडायला हे झकास. पण तुम्ही त्याच्यावर चालायला लागलात की झोळी होते. ट्रॅम्पोलिनमध्ये दोरे कडांना समांतर हवेत, आस चौकोनी दिसायला हवा, म्हणजे तुमच्या पायाखालचा दोरा सरळ जाऊन बीमला ओढ देतो. मासेमारीचं जाळं वापरायचंच असेल तर ते ४५ अंशांत फिरवून, आसाच्या दोऱ्याच्या रेषेत कापून घ्या. कोपऱ्यांवर बरंच वाया जातं, ते गृहीत धरा.

तिसरी गोष्ट दोरा कशाचा. नायलॉन मजबूत, पण ओलं झालं की सैल पडतं आणि थोडी ताकदही गमावतं. सकाळी टणक असलेलं जाळं दुपारी लाटा खाऊन लोंबायला लागतं. ट्रॉलरच्या जाळ्याचा हिरवा-निळा दोरा बहुधा पॉलिएथिलीनचा. तो पाणी पीत नाही, स्वस्त आहे, पण सतत ताण दिला की हळूहळू लांबत जातो, आणि उन्हासाठी त्यात खास मिश्रण नसेल तर ठिसूळ होतो. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे बाजारात मिळणारी ती चकचकीत स्वस्त दोरी, उन्हात सगळ्यात लवकर मरते. तिला हातही लावू नका. पॉलिएस्टर कमी ताणतं, ओलं-कोरडं सारखंच वागतं, ऊन सोसतं. माझं मत विचाराल तर घरच्या होडीला पॉलिएस्टरच. डायनीमा हा पॉलिएथिलीनचाच फार ताकदवान भाऊ; शर्यतीच्या होड्यांवर असतो. हलका, प्रचंड मजबूत, पण महाग आणि निसरडा, साध्या गाठी त्यावर सुटतात. ज्या होडीचा सुतार तुम्ही स्वतः आहात, तिथे ते पैसे चांगल्या नांगरावर घालवा.

म्हणजे कोळीवाड्यातलं जाळं चालतं का? एका मोसमासाठी, आस चौकोनी करून, कडेनं जाड दोर गुंफून, आणि दर महिन्याला तपासायची तयारी असेल तर चालतं. हा दोर गुंफणं मात्र तिथूनच शिकून घ्या. जाळं विणायच्या सुईनं ८ मिलिमीटरचा दोर कडेच्या प्रत्येक आसाला बांधत न्यायचा. जाळं दोराला लावण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्याइतकं सारख्या अंतरावर बांधणं आपल्याला जमत नाही. शक्य असेल तर मजुरी देऊन त्यांच्याकडूनच करून घ्या.

तयार जाळं शिवून घेणार असाल तर कडेला पट्टा शिवतात. तिथे एक गोष्ट विचारा: शिवणीचा दोरा कुठला? जाळ्याचा दोरा जाड असतो, ऊन त्याच्या फक्त पृष्ठभागाला खातं. शिवणीचा दोरा बारीक आणि वरच असतो. म्हणून जाळं धडधाकट असताना शिवण आधी उसवते. पितळी आयलेटचंही तसंच. ताणाखाली ते कापडातून निसटतात. कडेला पट्ट्याचे फासे शिवलेले असतील तर ते जास्त टिकतात.

१३:३० – माप

घरी बांधलेल्या होडीत डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. आराखड्यावरचं माप जाळंवाल्याला पाठवू नका. बीम कायमचे बांधून, आवळून झाल्यावरच टेप लावा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर जागा काटकोनी नाही हे कळतं. पुढे हल निमुळते होतात त्यामुळे कडा बहुधा बाहेरच्या बाजूला वळलेली असते. तिथे दर ३० सेंटिमीटरला एक आडवं माप घ्या. याहून सोपं म्हणजे जाड प्लास्टिकचा कागद त्या जागेवर ताणून, कड्यांच्या जागा मार्करनं आखून, तो कागदच द्यायचा.

जाळं जागेपेक्षा लहान हवं. चारी बाजूंनी ५ ते ७ सेंटिमीटर फट ठेवतात. त्या फटीत दोरी ओवून जाळं ओढायचं असतं. फट नसेल तर ताणायला जागाच उरत नाही. बाज आठवा. विणकाम पूर्ण लाकडापर्यंत नेत नाहीत, पायथ्याशी थोडी जागा सोडून आडव्यातिडव्या दोऱ्या ठेवतात, बाज सैल पडली की त्याच ओढून घेतात. इथे तीच युक्ती चारी बाजूंना. फट त्याहून मोठी ठेवलीत तर त्यात पाय जातो. आणि हो, तुमचा फोन २५ मिलिमीटरच्या आसातून पडणार नाही. पण कडेच्या फटीतून तो सरळ अरबी समुद्रात जातो.

१५:५० – होडीला पकड कशी द्यायची

इथे घरची होडी आणि कारखान्याची होडी यांत फरक पडतो. कारखान्यात फायबरमध्येच ॲल्युमिनियमची पट्टी बसवलेली असते. आपल्याकडे प्लायवूड आहे, आणि प्लायवूडचा शत्रू म्हणजे भोकातून आत शिरलेलं पाणी. एका स्क्रूच्या भोकातून पाणी मुरत राहिलं की दोन पावसाळ्यांत आजूबाजूचं लाकूड काळं पडून भुगा होतं, आणि वरून रंग मात्र चकाचक दिसतो. प्लाय चांगला घेतला असेल, म्हणजे आयएस ७१० चा मरीन प्लाय, तरी तो अमर नाही. त्यातला गोंद पाण्याला टिकतो, लाकूड शेवटी लाकूडच.

म्हणून जिथे बोल्ट जायचा तिथे आधी मोठं भोक पाडतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १० ते १२ मिलिमीटरचं. ते पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीनं पूर्ण भरतात, वाळू देतात, आणि मग त्या इपॉक्सीच्या मधोमध ६ मिलिमीटरचं भोक. आता बोल्टच्या भोवती लाकूड नाहीच, इपॉक्सीची नळी आहे. पाणी आलं तरी लाकडाला लागत नाही. आतल्या बाजूनं रुंद वॉशर किंवा प्लायचा जाड तुकडा द्या. नुसत्या लाकडी स्क्रूवर जाळ्याची कडी कधीही लावू नका. सततच्या झटक्यांनी तो मिलिमीटर-मिलिमीटर बाहेर येतो. स्टेनलेस घ्याल ते ३१६ चं. भांड्यांचं ३०४ समुद्रावर तांबडे डाग द्यायला लागतं.

माझ्या आवडीची पद्धत याहून साधी आहे. हलच्या आतल्या अंगाला, डेकच्या किंचित खाली, कठीण लाकडाची एक लांब पट्टी इपॉक्सीनं चिकटवायची, आणि त्या पट्टीत दर १० ते १५ सेंटिमीटरला दोरी जाईल असं भोक. हलला एकही भोक पडत नाही. धातू नाही, म्हणजे गंज नाही. ताण एका कडीवर न येता पूर्ण पट्टीवर पसरतो. भोकांच्या आत इपॉक्सीचा लेप द्यायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोकांच्या कडा कानसेनं गोल करायच्या. इतक्या गोल की बोट फिरवलं तर कुठेही धार जाणवू नये. दोरी ताणानं क्वचितच तुटते. ती घासून तुटते. होडी नांगरावर नुसती डुलत असते तेव्हाही प्रत्येक लाटेला दोरी एखादा मिलिमीटर मागेपुढे होते. एक वर्ष असं चाललं तर धारदार कडेवर काय होईल ते सांगायला नको.

१८:४० – किती ताणायचं?

‘टणक झालं पाहिजे, चेंडू उसळला पाहिजे’ असं बरेच जण सांगतात. इथे जरा थांबा.

कपडे वाळत घालायची दोरी घ्या. दोन खांबांत २ मीटर अंतर, मधोमध ७५ किलो वजन. दोरी २० सेंटिमीटर खाली आली तर तिच्यातला ताण होतो सुमारे १९० किलो. दोरी अजून घट्ट बांधली आणि ती १०च सेंटिमीटर खाली आली, तर ताण सुमारे ३७५ किलो. वजन तेच, पण झोळ निम्मा केला की ताण दुप्पट. दोरी पूर्ण सरळ ठेवायचा हट्ट धरलात तर कुठलीही दोरी तुटेल, नाहीतर खांब वाकेल.

जाळ्यात हा ताण अनेक दोऱ्यांत आणि दोन्ही दिशांना वाटला जातो, त्यामुळे एका कडीवर एवढा येत नाही. पण कोणी चढायच्या आधीचा ताण मोजा. एका बाजूला १३ जागी दोरी, प्रत्येकीत २० किलोचा ताण. झाले २६० किलो, आणि ते रात्रंदिवस. दोन हल एकमेकांकडे ओढले जातायत, पुढचा बीम मागे वाकतोय. त्या बीमवर डोलकाठीच्या पुढच्या तारेचा ताण आधीच आहे. लवचीक बांधणीच्या होडीत तर हल हलले की जाळ्याचे कोपरे आणखी ताणले जातात. तिथे जाळं ढोलकीसारखं आवळणं म्हणजे बीमच्या बांधणीशी भांडण काढणं.

मग किती? मधोमध उभं राहिल्यावर जाळं दहा-पंधरा सेंटिमीटर दबावं, आणि चालताना पाऊल खड्ड्यात गेल्यासारखं वाटू नये. रिकामं जाळं खाली लाटेला लागणार नाही इतकं वर हवं. एवढं पुरे.

२१:०५ – आता बांधू

दोरी पॉलिएस्टरची, विणलेली, ५ किंवा ६ मिलिमीटरची. ३ मिलिमीटरची डायनीमा ताकदीला पुरून उरते, पण ती हाताला कापते, कडेच्या पट्ट्यात रुतते, आणि झिजलीय का ते डोळ्यांना लवकर कळत नाही. ६ मिलिमीटरची दोरी केसाळ झाली की लांबून दिसते.

आधी चार कोपरे तात्पुरते बांधा. जाळं मध्यावर आलं का बघा. मग प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू. मग मध्याकडून कोपऱ्यांकडे ओवत जा: कडीतून खाली, जाळ्याच्या कडेच्या दोरातून वर, पुढची कडी. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं घ्या, नाहीतर जाळं एकीकडे सरकतं. पहिल्या फेरीत फक्त हातानं ओढा. दुसऱ्या फेरीत लाटण्याएवढ्या लाकडी दांडक्याला दोरीचा वेढा देऊन ओढा. शेवटचं टोक ओढलं की सगळी दोरी घट्ट होईल असं वाटतं, पण होत नाही. प्रत्येक वळणावर घर्षण आहे. बुटाची लेस आपण जशी खालून वर एकेक पेड ओढत आणतो, तसंच इथे एकेका वळणावरची सैल दोरी पुढे सरकवायची. मग एक रात्र तसंच सोडा आणि सकाळी तिसरी फेरी. पहिल्या आठवड्याच्या फिरतीनंतर चौथी. नवीन जाळं आणि नवीन दोरी दोन्ही बसायला वेळ घेतात.

आता ज्यावर मी अडून बसतो ती गोष्ट. चारही बाजूंना एकच अखंड दोरी ओवू नका. ओवायला ती सोपी, दिसायला सुंदर. पण एका जागी झिजून तुटली की ती सरकत सरकत पूर्ण बाजू सोडून देते, आणि सुरुवातीला सांगितलेला माणूस पाण्यात जातो. प्रत्येक बाजू वेगळी, आणि लांब बाजूचे दोन-तीन तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या मध्ये तीन-चार वळणांनंतर एक अडवणारी गाठ घाला, म्हणजे तुटली तरी तेवढाच भाग सैल पडेल. कोपऱ्यांच्या बांधण्या पूर्णपणे स्वतंत्र, चार-पाच वेढ्यांच्या. टोकाला सुरगाठ चालणार नाही. दोन अर्धगाठी मारून उरलेली शेपटी मागच्या वळणांत ओवून टाका आणि टोक जाळून बंद करा. लोंबती शेपटी पायात येते.

प्लास्टिकचे केबल टाय? फोटोपुरते ठीक.

२४:३० – माणूस चढायच्या आधी

होडी अजून अंगणात आहे तोवरच चाचणी घ्या. वीस लिटरचे पाण्याचे कॅन आणा. दहा कॅन म्हणजे २०० किलो. एकेक करून मध्यावर ठेवा, तासभर सोडा. मग प्रत्येक कडी, प्रत्येक वळण बघत एक चक्कर मारा. पट्टी हललीय का, इपॉक्सीला बारीक केसासारखी भेग दिसतेय का, एखादा फासा उसवतोय का. तेच कॅन मग कडेच्या जवळ ठेवा, कारण माणूस बहुतेक वेळा कडेनं चालतो आणि तिथे दोनतीन वळणांवरच सगळा भार येतो. पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे शांत ठेवलेले २०० किलो पेलणं ही फक्त प्रवेश परीक्षा.

समुद्रावर सेफ्टी हार्नेस जाळ्याला किंवा जाळ्याच्या दोरीला अडकवू नका. हलवर किंवा बीमवर पक्क्या केलेल्या वेगळ्या दोराला अडकवा. जाळं गेलं तरी तुम्ही राहाल. लाटांत पुढे जायचंच असेल तर उभं राहून शौर्य दाखवू नका, रांगत जा. आणि खिशात किंवा गळ्यात धारदार चाकू असू द्या. होडी उलटली तर हेच जाळं डोक्यावरचं छत होतं, आणि खाली अडकलेल्या माणसाला ते कापूनच बाहेर यावं लागतं.

२६:४० – देखभाल

जाळं एका दिवसात जुनं होत नाही, म्हणून कधी जुनं झालं ते कळत नाही. दोऱ्यावर नख घासा. पांढरी पावडर किंवा तुटके केस हाताला आले तर उन्हानं आपलं काम सुरू केलंय. एका आसाचा दोरा जाड सुईनं उचलून पिळून बघा. कडक वाटला, तंतू मोडले, तर बदला. नव्या जाळ्याचा कापून उरलेला तुकडा घरात अंधारात जपून ठेवा. दरवर्षी त्याच्याशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. हा उद्योग कोणी करत नाही आणि म्हणूनच सांगतोय. जाळं बसवल्याची तारीख बीमच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा. जाळं चांगलं दिसत असलं तरी त्याला बांधणारी दोरी मात्र दर एकदोन वर्षांनी पूर्ण बदला. एकूण खर्चात तिचा वाटा किरकोळ असतो.

गोड्या पाण्यानं धुवा. मीठ वाळून त्याचे खडे होतात आणि ते तंतूंच्या मध्ये बसून आतून घासतात. शेवाळ घालवायला ब्लीच ओतू नका, नायलॉनला तर अजिबात नाही. ब्रश आणि साधा साबण पुरतो.

आपल्या किनाऱ्यावर असाल तर पावसाळ्यात होडी तशीही बाहेर काढलेली असते. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्याच सुमाराला जाळंही उतरवून घ्या. कोपऱ्यांना डावा-उजवा, पुढचा-मागचा अशा चिठ्ठ्या बांधा, नाहीतर नारळी पौर्णिमेला जाळं उलटं बसवून तासभर डोकं खाजवाल. धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. उंदीर पोचणार नाहीत अशा जागी.

पुढच्या भागात सुकाणू. व्हॅरम यांच्या होड्यांवर तेही बिजागरीऐवजी दोरीनं शिवलेलं असतं, ते कसं टिकतं ते बघू. तोवर कोणी जाळं बसवत असेल तर कॅनच्या चाचणीचा फोटो पाठवा. उताणं पडून काढलेला नंतर.